शिंपल्यासारखा गोंद बनवताय? कॅटेचॉलच्या कामातल्या या चुका टाळा

बीकरमधलं द्रावण काळंकुट्ट झालं, पण काचेवर लेप बसलाच नाही. पॉलिमर छान पांढरा निघाला होता, रात्री डायलिसिसला (पडद्याच्या पिशवीतून छोटे रेणू धुऊन काढायला) लावला आणि सकाळी गुलाबी झाला. कोरड्या ॲल्युमिनियमवर घट्ट चिकटतो, पाण्याखाली जोडायला गेलं की घसरून जातो. समुद्री शिंपल्यांवरून स्फूर्ती घेऊन गोंद किंवा लेप तयार करणाऱ्या एमएस्सी-पीएचडीच्या मुलामुलींकडून याच तक्रारी पुन्हा पुन्हा ऐकू येतात. तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या तरी बहुतेकींचं मूळ एकच असतं: शिंपल्याकडून आपण रेणू उचलतो, पण त्या रेणूला तो कधी, कुठे आणि कोणत्या क्रमाने कामाला लावतो ते उचलत नाही.

थोडी पार्श्वभूमी. १९८१ साली हर्बर्ट वेट आणि मार्विन टॅन्झर यांनी मिटिलस एड्युलिस या शिंपल्याच्या चिकट प्रथिनात डोपा सापडल्याचं प्रसिद्ध केलं. डोपा म्हणजे टायरोसिन हे अमिनो आम्लच, फक्त त्याच्या कड्यावर एक हायड्रॉक्सिल जास्त. शेजारी शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेल्या या कड्याला कॅटेचॉल म्हणतात. धातूंच्या ऑक्साइडला ते घट्ट धरतं, हायड्रोजन बंध करतं आणि ऑक्सिडीकरण झालं की आपापसांत जोडलंही जातं. पुढे २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने दाखवलं की साधं डोपामिन सौम्य अल्कलीत विरघळवून त्यात वस्तू बुडवून ठेवली तर टेफ्लॉनसकट जवळजवळ कशावरही पातळ लेप बसतो. डोपामिन सहज मिळतं, कृती दोन ओळींची आहे, त्यामुळे जगभरच्या लॅब या विषयात उतरल्या. कृती सोपी दिसते म्हणूनच तिच्यात चुका जास्त होतात.

सगळं श्रेय डोपाला देऊ नका

पहिली चूक बीकर हातात घेण्याआधीच होते. प्रकल्पाच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं: पॉलिमरला कॅटेचॉल जोडू, म्हणजे तो पाण्याखाली चिकटेल. पण शिंपला ज्या तंतूंनी दगडाला धरतो त्यांच्या टोकाला एक चकती असते. तिचा जो भाग दगडाला टेकलेला असतो तिथल्या एमएफपी-३ आणि एमएफपी-५ (एमएफपी म्हणजे मसल फूट प्रोटीन, शिंपल्याच्या पायातलं प्रथिन) या प्रथिनांत डोपा भरपूर असतो (एमएफपी-५ मध्ये तर एकूण अमिनो आम्लांच्या तीस टक्क्यांच्या जवळपास) आणि त्याच्या अगदी शेजारी लायसिनही असतं. लायसिन या अमिनो आम्लाच्या अमाइनवर (नायट्रोजन असलेल्या गटावर) धन प्रभार असतो. समुद्राच्या पाण्यातल्या खनिज पृष्ठभागावर क्षारांचे आयन आणि पाण्याचा थर आधीच बसलेला असतो. लायसिन त्या आयनांना बाजूला सारतं आणि कॅटेचॉलला जागा करून देतं. २०१५ मध्ये वेट, जेकब इस्राएलाश्विली आणि ॲलिसन बटलर यांच्या गटांनी छोट्या रेणूंवर हे दाखवून दिलं: एकाच रेणूत कॅटेचॉल आणि अमाइन शेजारी असतील तर खाऱ्या पाण्यातली पकड कितीतरी वाढते.

म्हणून तुमचा पॉलिमर कोरड्यात चिकटत असेल आणि पाण्यात सुटत असेल तर कॅटेचॉलचं प्रमाण वाढवत बसण्याआधी त्याच्याजवळ अमाइन आहे का ते बघा. मुख्य साखळीवरच (म्हणजे कण्यावरच) अमाइन असलेल्या कायटोसान या पॉलिमरवर काम करणाऱ्यांना हा फायदा आपोआप मिळतो. अल्जिनेट किंवा हायलुरॉनिक आम्ल वापरणाऱ्यांचा कणा उलट ऋण प्रभाराचा असतो, त्यांना अमाइन मुद्दाम आणावं लागतं.

आणि प्रमाण वाढवणं हा बहुतेक वेळा उपाय नसतोच. पर्ड्यू विद्यापीठातल्या जोनाथन विल्कर यांच्या गटाने पॉलिस्टायरिनच्या कण्यावर कॅटेचॉलचं प्रमाण बदलत जाऊन पाहिलं, तर ताकद सुमारे ३३ टक्क्यांपर्यंत वाढली आणि त्यापुढे उतरली. कारण उघड आहे. गोंदाला पृष्ठभाग धरायचा असतो तसं स्वतःलाही धरून ठेवायचं असतं. ही दोन्ही कामं कॅटेचॉलच करत असल्यामुळे एकीकडे जास्त खर्ची पडलं की दुसरीकडे कमी पडतं.

ऑक्सिडीकरण नको तेव्हा होतं, हवं तेव्हा होत नाही

निम्म्याहून जास्त फसलेले प्रयोग इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबूया.

शिंपला काय करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. तो जिभेसारखा पाय कवचाबाहेर काढतो, दगड चाचपतो, पायाचं टोक दाबून धरतो आणि त्याखाली एक चिमुकली खोलगट पोकळी तयार करतो. त्या बंद पोकळीत ग्रंथींतून प्रथिनं सुटतात. बाहेर समुद्राचा पीएच ८ च्या आसपास असतो, आत मात्र तो ३ च्या जवळ आणलेला असतो. त्या आम्लतेत डोपाचं ऑक्सिडीकरण होत नाही, तो शाबूत राहतो आणि दगडाला धरतो. शिवाय एमएफपी-६ नावाचं गंधकयुक्त प्रथिन सोबत असतं. जो डोपा चुकून ऑक्सिडाइज झाला त्याला ते पुन्हा मूळ रूपात आणतं. काही मिनिटांनी पाय उचलला जातो, खारं पाणी आणि प्राणवायू चकतीपर्यंत पोचतात, पीएच चढतो, आणि मग आतला भाग जोडला जाऊन घट्ट होतो. आधी पकड, नंतर घट्टपणा.

गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात त्या हिरव्या शिंपल्यावर, म्हणजे पेर्ना विरिडिसवर, सिंगापूरच्या नान्यांग तंत्रज्ञान विद्यापीठातल्या अली मिझेरेझ यांच्या गटाने २०१५ मध्ये काम प्रसिद्ध केलं. पोकळीत प्रथिनं एकदम सुटत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो, असं त्यात दिसलं. त्या जातीतलं पाचव्या क्रमांकाचं प्रथिन सर्वांत आधी येतं आणि पृष्ठभागावरचं पाणी हटवतं, बाकीची मागाहून येतात. आपल्या किनाऱ्यावरच्याच प्राण्यावरचं हे काम आपल्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावं असं मनापासून वाटतं. आणखी एक कारण म्हणजे बहुतेक शोधनिबंध मिटिलसवर आहेत आणि पेर्ना विरिडिस अगदी तसाच नाही. त्याच्या तंतूच्या आवरणातल्या पहिल्या प्रथिनात साखर जोडलेलं हायड्रॉक्सिट्रिप्टोफॅन सापडलेलं आहे. मिटिलसचे आकडे घेऊन शिनाण्यांवरचे निष्कर्ष लिहू नका.

आता लॅबमध्ये काय होतं ते बघू. कॅटेचॉलचं ऑक्सिडीकरण झालं की क्विनोन होतं. २००६ मध्ये मेसरस्मिथ यांच्या गटाने एकेक डोपा ओल्या टायटॅनियमवरून ओढून काढून बल मोजलं. शाबूत डोपाला सोडवायला सुमारे ८०० पिकोन्यूटन लागले, आणि तोच डोपा पुन्हा पुन्हा चिकटत राहिला. क्विनोन झाल्यावर धातूवरची ही पकड जवळजवळ गेली. अमाइन असलेल्या सेंद्रिय पृष्ठभागावर मात्र क्विनोनने कायमचा सहसंयुज बंध केला. तुम्हाला धातू, काच, हाडाचं खनिज यांवर चिकटवायचं असेल तर चिकटेपर्यंत ऑक्सिडीकरण थोपवा. कातडी किंवा ऊतीवर चिकटवायचं असेल तर थोडं क्विनोन कामाचं असतं. एकच कृती दोन्हीकडे चालवण्याचा हट्ट महाग पडतो.

पॉलिमर डायलिसिसमध्ये गुलाबी किंवा तपकिरी होत असेल तर आधी पाणी तपासा. साध्या डिस्टिल्ड पाण्याचा पीएच हवेतल्या कार्बन डायऑक्साइडवर आणि भांड्यांवर हेलकावे खातो, म्हणून हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब घालून तो ३.५ ते ४ ठेवा. अल्जिनेट असेल तर इतकं खाली नेऊ नका, गोळा होऊन बसेल, ५ च्या आसपास थांबा. शक्य असेल तर पाण्यातून नायट्रोजन सोडा. बाहेरचं पाणी बदलताना दर वेळी ताजं आम्ल घाला, ही गोष्ट रात्रीच्या शेवटच्या बदलात हमखास विसरली जाते आणि सकाळी रंग दिसतो. फ्रीझ ड्राय केलेला माल बाटलीत नायट्रोजन भरून, सिलिका जेलच्या पुडीसह उणे २० अंशांना ठेवा. आणि बाटली बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात थंड बाटली उघडली की हवेतलं पाणी सरळ पावडरवर बसतं.

गंजलेला किंवा हलक्या प्रतीचा स्पॅच्युला हे दुसरं नेहमीचं कारण. लोहाचे थोडेसे आयनही कॅटेचॉलला रंग देतात. पावडर जांभळट किंवा हिरवट झाली तर ऑक्सिडीकरणाला दोष देण्याआधी लोहाचा संशय घ्या. प्लॅस्टिक किंवा टेफ्लॉनचा चमचा वापरा, नळाचं पाणी जवळ आणू नका.

डोळ्याने रंग बघून ठरवू नका. कॅटेचॉलचं शोषण २८० नॅनोमीटरला असतं. ४०० च्या आसपास आणि त्यापुढे खांदा वर यायला लागला तर क्विनोन आणि त्याची पुढची उत्पादनं तयार होताहेत. शाबूत कॅटेचॉल मोजायला अरनोची जुनी चाचणी अजूनही उत्तम आहे: नायट्राइट-मोलिब्डेट घातल्यावर पिवळा रंग, मग सोडियम हायड्रॉक्साइड घातल्यावर लाल. मात्र जिलेटिनसारख्या कण्यात तुमचा मूळ पॉलिमरही कंट्रोल म्हणून चालवा, नाहीतर पार्श्वभूमीचं शोषण कॅटेचॉलच्या खात्यात जमा होतं.

कॅटेचॉल कमीच जोडलं जात असेल तर ईडीसी (ही जोडणी घडवणारं रसायन) जुनं किंवा ओल लागलेलं आहे का ते बघा. एमईएस बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) पीएच ५ ते ५.५ ठेवा, फॉस्फेट टाळा. पीएच वाढवून उतारा वाढवण्याचा मोह होतो, पण त्याच वेळी डोपामिन काळं पडायला लागतं.

द्रावण काळं झालं म्हणजे लेप बसला असं नाही

डोपामिनच्या लेपाला पॉलिडोपामिन म्हणतात. त्याची मूळ कृती अशी: १० मिलिमोलर ट्रिस बफर, पीएच ८.५, त्यात दर मिलिलिटरला २ मिलिग्रॅम डोपामिन हायड्रोक्लोराइड, नमुना बुडवा, ढवळत ठेवा. द्रावण आधी रंगहीन, मग फिकट नारिंगी, मग तपकिरी आणि शेवटी काळं होतं. २४ तासांत मिळणारा लेप साधारण ५० नॅनोमीटरपर्यंत जाडीचा असतो. मायक्रोमीटरची अपेक्षा धरून कुणी बसलं असेल तर ती सोडा. जाड थर हवा असेल तर त्याच द्रावणात दिवसचे दिवस ठेवून उपयोग नाही, ताजं द्रावण घेऊन पुन्हा बुडवा.

तो काळा रंग मुख्यतः द्रावणात तरंगणाऱ्या कणांचा असतो. नमुना बीकरच्या तळाशी आडवा ठेवला की हे कण वरून बसतात, लेप खडबडीत दिसतो आणि टिश्यूने पुसला तर निघून येतो. नमुने उभे टांगा किंवा तोंड खाली करून ठेवा. शेवटी खळखळून धुवा, थोडा वेळ सोनिकेटरमध्ये धरा, आणि मग उरलं ते खरं. टेफ्लॉनवर पाण्याचा स्पर्शकोन ठळकपणे उतरला का ते बघा, लेपलेल्या पृष्ठभागावर तो साधारण ५० अंशांच्या आसपास अपेक्षित असतो. जाडीसाठी सिलिकॉन वेफरचा एक तुकडा प्रत्येक बॅचमध्ये सोबत बुडवायची सवय लावून घ्या. तुमचा खरा नमुना कापड असो वा स्क्रू, तुलना करायला तो तुकडा असतो.

रंगच आला नाही तर? बहुतेक वेळा प्राणवायू पोचलेला नसतो. काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलेल्या छोट्या बाटलीत प्रतिक्रिया रखडते. रुंद तोंडाचं भांडं घ्या आणि हलवत ठेवा.

पीएचची एक गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची. ट्रिसचा पीएच तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.०३ ने उतरतो. एसी असलेल्या खोलीत २५ अंशांना ८.५ बांधलेला बफर ३५ अंशांच्या खोलीत ८.२ वर येतो. त्यात प्रतिक्रिया पुढे सरकते तसं आम्ल सुटतं, आणि १० मिलिमोलर बफर काही फार तगडा नाही. विदर्भात मे महिन्यात एक लेप आणि डिसेंबरमध्ये दुसरा मिळत असेल तर कारण इथे शोधा. ज्या तापमानाला प्रयोग करणार त्याच तापमानाला पीएच बांधा, आणि सुरुवातीचा व शेवटचा दोन्ही आकडे वहीत लिहा.

ट्रिस स्वतः अमाइन आहे, तो लेपात शिरतो. तुम्ही पुढे लेपाची रासायनिक रचना किंवा नायट्रोजनचं प्रमाण यावर काही दावा करणार असाल तर बायकार्बोनेटसारख्या दुसऱ्या बफरमध्ये एक बॅच करून बघितल्याशिवाय तो करू नका. तसंच, लेप कशाहीवर बसतो म्हणून तो कशालाही टिकतो असं धरू नका. तीव्र अल्कलीत तो सुटून येतो. गाळणीवर लेप देऊन नंतर ती कॉस्टिक सोड्याने धुणाऱ्यांनी हे आधीच तपासावं.

ताकद मोजताना

लॅप शिअरच्या (एकमेकींवर चढवून चिकटवलेल्या दोन पट्ट्या ओढून तोडण्याच्या चाचणीच्या) पाच नमुन्यांत पाच वेगळे आकडे येतात तेव्हा दोष रसायनाचा नसून बहुधा पट्ट्यांचा असतो. ॲल्युमिनियम एकाच नंबरच्या पॉलिश पेपरने, एकाच दिशेने घासा, ॲसिटोनने पुसा, आणि त्याच दिवशी वापरा. तुटल्यावर दोन्ही तोंडं नीट बघा, फोटो काढा. गोंद एका पट्टीवरून पूर्ण निघाला असेल तर पकड कमी पडली. दोन्ही पट्ट्यांवर गोंद राहिला असेल तर पकड पुरेशी आहे, आतला जोड कमी पडला, तिथे आडबंध (साखळ्यांना एकमेकींशी जोडणारे बंध) वाढवायला हवेत. हे न बघता नुसता मेगापास्कलचा आकडा लिहिला तर पुढे काय बदलायचं ते कधीच कळत नाही.

‘पाण्याखाली चिकटतो’ हे वाक्य लिहिण्याआधी स्वतःला विचारा, कोरड्यात जोडून मग पाण्यात बुडवला की पाण्यातच लावला? या दोन चाचण्या सर्वस्वी वेगळ्या आहेत आणि दुसरी कितीतरी कठीण. पाणीही कोणतं ते लिहा. डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्यात लावलेला गोंद ३५ ग्रॅम प्रतिलिटर क्षारांच्या पाण्यात तसाच वागेल असं नाही. आणि कॅटेचॉल नसलेला तोच पॉलिमर कंट्रोल म्हणून हवाच. कधी कधी सगळी ताकद कण्याचीच निघते, हे उशिरा कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

ऊतीसाठी डुकराची कातडी वापरत असाल तर ती ताजी आणि ओली ठेवा, चरबी एकसारखी काढा, आणि एएसटीएम एफ२२५५ ही ऊतीवरच्या गोंदांची प्रमाणित लॅप शिअर चाचणी वाचून घ्या.

लोह, पेशी आणि ‘नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित’

लोहाने आडबंध करायचे असतील तर पीएच हातात ठेवा. कमी पीएचला एका लोहाला एकच कॅटेचॉल लागतं आणि रंग हिरवा असतो, मध्यम पीएचला दोन लागतात आणि रंग निळा-जांभळा होतो, अल्कलीत तीन लागतात आणि रंग लाल येतो. २०११ मध्ये नील्स होल्टेन-अँडरसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली ही रंगांची साखळी कुठलंही उपकरण नसताना कामी येते. जेल पातळच राहत असेल आणि रंग हिरवा असेल तर लोह वाढवू नका, पीएच चढवा.

पेशी मरत असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडचा विचार करा. कॅटेचॉलचं ऑक्सिडीकरण होताना ते तयार होतं. एका प्लेटमध्ये कॅटेलेज एन्झाइम घाला. पेशी वाचल्या तर गुन्हेगार सापडला. न वाचल्यास, जेल जोडायला परआयोडेट हे ऑक्सिडीकरण करणारं रसायन वापरलं असेल तर त्यातलं उरलेलं शोधा. ते कॅटेचॉलच्या अर्ध्या मोलपासून सुरू करा, एकास एकच्या पुढे जाऊ नका, आणि जेल पुरेसं धुवा. प्राण्याकडून कल्पना घेतली एवढ्यावरून पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही. जखमेवर लावायच्या गोष्टीत तर ही काळजी दुप्पट हवी.

प्रथिनच बनवणाऱ्यांसाठी

थेट शिंपल्यातून प्रथिन काढायचं तर एका ग्रॅमला सुमारे १० हजार शिंपले लागतात, म्हणून जनुक जिवाणूत घालण्याकडे ओढा असतो. इथे कोळ्याच्या रेशमाचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. २००२ मध्ये कॅनडातल्या नेक्सिया कंपनीने सस्तन प्राण्यांच्या पेशींत कोळ्याचं प्रथिन बनवून धागा काढला. चिवटपणा जमला, पण ताण सोसण्याची ताकद नैसर्गिक धाग्याहून कमीच राहिली. कोळ्याच्या नळीत पीएच ७.६ वरून ५.७ पर्यंत उतरतो आणि प्रथिन ओढलं-ताणलं जातं. स्वीडनमधल्या ॲना रायझिंग आणि यान योहान्सन यांच्या गटाने २०१७ मध्ये हीच उतरण नक्कल केली, तेव्हा पाण्यातल्या प्रथिनापासून सरळ धागे निघाले. प्रथिन मिळालं, पण प्रक्रिया राहिली, ही अडचण तिथेही तीच होती.

शिंपल्याच्या प्रथिनात आणखी एक गोम आहे. दक्षिण कोरियातल्या पोस्टेक विद्यापीठात ह्युंग जून चा यांच्या गटाने २००४ मध्ये ई. कोलायमध्ये पाचव्या क्रमांकाचं प्रथिन बनवून दाखवलं. पण जिवाणू जे देतो त्यात टायरोसिन असतं, डोपा नसतो. शुद्ध केलेलं प्रथिन चिकटत नाही म्हणून शुद्धीकरण पुन्हा करू नका, आधी टायरोसिनचा डोपा झाला का ते बघा. मशरूमच्या टायरोसिनेजने हे करता येतं, पण एन्झाइम तिथे थांबत नाही, पुढे क्विनोनपर्यंत नेतं. ॲस्कॉर्बिक आम्ल घातलं की क्विनोन मागे येतं, बोरेट बफरमध्ये डोपा झाकून राहतो. प्रतिक्रिया संपली की लगेच आम्ल घालून पीएच खाली आणा. मास स्पेक्ट्रममध्ये रूपांतर झालेल्या प्रत्येक टायरोसिनमागे वजन १६ ने वाढलेलं दिसतं. वीस टायरोसिन असताना वाढ दोन-तीन टायरोसिनांपुरतीच दिसत असेल तर वेळ वाढवू नका, ताजं एन्झाइम घ्या आणि प्रथिन गोळा होऊन टायरोसिन आत दडलेलं नाही ना ते तपासा.